मंदाताईंची गाडी आणि पुढची दोन चाकं

माझ्या दुकानात आनंदाने कोणी येत नाही. नव्या गाडीचे पेढे शोरूममध्ये वाटतात, सीट कव्हर बसवायला लोक बायकापोरांना घेऊन जातात. गिअरबॉक्सवाल्याकडे मात्र माणूस दोराने ओढलेल्या गाडीत बसून, तोंड पाडून येतो. ब्रह्मपुरीत राइस मिलच्या मागच्या गल्लीत मी एकवीस वर्षं हे एकच काम केलं. त्याआधी चंद्रपूरकडे एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपात डंपरचे गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल उघडले. इंजिनाला हात लावत नाही, बॅटरी बघत नाही, पंक्चर काढत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली. आरमोरीकडचा एक शेतकरी फुटलेला गिअरबॉक्स मांडीवर घेऊन एसटीने आला होता आणि कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं म्हणून माझ्यावर चिडला होता. ऊर्जानगरचे एक साहेब गाडीतला आवाज तीन महिने मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. दुसऱ्याच रेकॉर्डिंगला मी म्हटलं, "बेअरिंग गेलं जी." तरी त्यांनी सगळी रेकॉर्डिंग तारखेवार ऐकवली. शेवटी बेअरिंगच गेलं होतं.

आता सदुसष्टावं चालू आहे आणि दुकान हळूहळू आवरतो आहे. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा लिहिण्यासारखी एकच गाडी डोळ्यांसमोर आली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम त्या गाडीत आहे आणि सगळ्यात मोठी चूकही त्याच गाडीत, त्याच एका सुट्या भागात झाली.

पावसाळ्याचे दिवस होते, धानाची रोवणी जोरात होती. दुपारी दुकानासमोर एक छोटी पांढरी गाडी थांबली आणि हॉर्न वाजला. मी हातातलं काम न सोडता ओरडलो, "या ना अंदर." कोणी उतरलं नाही. पुन्हा हॉर्न. मला राग आला. हात पुसत बाहेर आलो आणि काचेतून म्हटलं, "दोन पावलं चालून याले काय होते?"

आत पस्तिशीच्या पुढची एक बाई बसली होती. तिने काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "मी नाई येऊ शकत, भाऊ. तुमीच या."

तेव्हा मला बाजूच्या सीटवर घडी करून ठेवलेली चाकाची खुर्ची दिसली. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की रेस, म्हणजे अॅक्सिलरेटर. स्टिअरिंगवर उजव्या हातात धरायला एक गोल मूठ बसवलेली होती. गिअर आपोआप पडणारे, म्हणजे क्लचचा पायडल नाही. ही बाई पायांशिवाय गाडी चालवत होती.

तिचं नाव मंदा मडावी. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. गाव कुरखेड्याच्या अलीकडे, जंगलाला लागून. नागपूरला डोळे तपासायचं शिक्षण घेऊन ती परत आली होती आणि आठवडी बाजारांत जाऊन लोकांचे डोळे तपासून चष्मे देत होती. चार दिवस चार बाजार. बाजारात लोक तिला चष्मेवाली बाई म्हणतात.

"सांगा, काय तकलीफ आहे?" मी विचारलं.

"तकलीफ नाई. एक गोष्ट विचाराची आहे. गाडी चिखलात फसली की एकच चाक काऊन फिरते? दुसरं चाक चांगल्या जमिनीवर राह्यते, तरी ते हालत नाई."

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. लोक विचारतात, कधी मिळेल आणि किती लागतील.

ती हातांवर भार देऊन सीटवरून खुर्चीत सरकली. मी गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलला, तेव्हा ती चाकाजवळ आली. मी डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं चाक उलटं, मागे फिरलं. तिने स्वतः फिरवून पाहिलं.

जे वाचकांना माहीत नसेल ते सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापावा लागतो आणि आतल्याला कमी. बैलजोडी वळवताना बाहेरचा बैल भरभर चालतो, तसंच. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर वळणावर ती एकमेकांशी भांडतील. म्हणून मधे डिफरेन्शियल असतो. तो चाकांना वेगवेगळं फिरू देतो. पण त्याचा एक दोष आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि निसरड्यावरच्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच. चिखलातलं चाक फुकट गरगरतं, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही. त्यात या गाडीला जोर पुढच्या चाकांचा. चढ लागला की भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि तिथेच फसगत होते.

"डंपरमधे आमी दोन्ही चाकं एकत्र बांधाची सोय ठेवत होतो," मी म्हणालो. "कारमधे नाई राहत."

"टाकता येते?"

"तुमी जीप काऊन नाई घेत? चारही चाकांना जोर."

ती हसली आणि खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. "ही एवढी. आणि गाडीची सीट एवढी. बरोबरीत आहे म्हणून मी सरकून जाते. जीपची सीट माह्या छातीला येते, भाऊ. मले रोज कोण उचलन?"

मग तिने आठ दिवसांपूर्वी काय झालं ते सांगितलं. बाजाराच्या वाटेवर एक नाला लागतो. पाणी घोट्याएवढं, पण पलीकडचा चढ लाल मातीचा आणि निसरडा. त्या चढावर गाडीचं डावं चाक गरगरलं आणि गाडी अडकली. सकाळचे दहा वाजले होते. दुसरा माणूस असता तर उतरला असता, चाकाखाली दगड-फांद्या घातल्या असत्या, नाहीतर चालत निघाला असता. ती बसून राहिली. सगळं गाव धानाच्या बांध्यांत रोवणीला. दुपारी तीनला रोवणीच्या बाया जेवण करून परत चालल्या होत्या, त्यांना हॉर्न ऐकू आला. सात-आठ जणींनी पातळं खोचून गाडी वर ढकलली.

"त्या चांगल्या आहेत, रोज ढकलतीन," ती म्हणाली. "पण मले तसं नाई पाह्यजे. शाळेत मले भावानं पाठीवर नेलं. कॉलेजात मैत्रिणींनी उचललं. ही गाडी घेतली तेव्हा पह्यल्यांदा मी कोणाले न विचारता घरून निघाली. आता तोच भाऊ म्हणते, ड्रायव्हर ठेव नाईतर पावसाळ्यात घरी बस. पावसाळा चार महिने राह्यते."

मी म्हटलं, बघतो. मनात मात्र काम ठरवूनच टाकलं होतं.

माझा जोडीदार म्हणजे शेजारचा लेथवाला रशीदभाई. वय माझ्याएवढंच, बोलणं कमी, हात सोन्याचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "गजाभाऊ, कारमधे ते रेसवाले लोक टाकतेत. आपुन कधी टाकलं नाई."

"म्हणून तर टाकाचं," मी म्हटलं.

या सुट्या भागाला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल म्हणतात. तो चाकांना वेगवेगळं फिरू देतो, पण मर्यादेपर्यंतच. एक चाक फार गरगरू लागलं की त्याला आवरून दुसऱ्याला जोर देतो. कोईमतूरकडे शर्यतीच्या गाड्यांचे भाग करणारा एक छोटा कारखाना आहे. तिथल्या माणसाशी हिंदीत बोललो. त्याने दोन प्रकार सांगितले. एकात नुसते दात्यांचे गिअर असतात. तो नरम चालतो, पण एक चाक हवेत उचललं गेलं की हतबल होतो. तेव्हा रेस देताना जरासा ब्रेक दाबला की पुन्हा काम करतो. मी म्हटलं, या गाडीत ब्रेक आणि रेस एकाच दांड्यावर आहेत, दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. मग तो म्हणाला, दुसरा घ्या. त्यात क्लचसारख्या चकत्या असतात, स्प्रिंगने आधीच दाबून ठेवलेल्या. चाक हवेत असलं तरी पकड राहते.

मी चकत्यांचा मागवला. कारण बरोबर होतं, हे आजही म्हणेन.

नऊ दिवस काम चाललं. अशा गाडीत डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे दांडे काढून, सगळा गिअरबॉक्स खाली उतरवून, त्याचं कवच दुभंगून आत जावं लागतं. जुन्या डिफरेन्शियलवरचा मोठं दातेरी चक्र काढून नव्यावर चढवलं, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळले. नवीन बेअरिंग घातली. मग खरी परीक्षा. कवच बंद केल्यावर बेअरिंगवर दाब किती येतो ते पातळ वॉशरांनी, आमच्या भाषेत वायसरांनी, जमवायचं असतं. सैल राहिलं तर आवाज, घट्ट झालं तर बेअरिंग जळतं. बाजारातली वायसर बसेना. रशीदभाईने तीन वायसर घासून दिल्या आणि तिसरी बरोबर बसली. गिअर पाडणाऱ्या मोटारीला क्लच कुठे धरतो ते नव्याने शिकवावं लागतं. त्यासाठी नागपूरहून लॅपटॉपवाला बोलावला.

दहाव्या दिवशी राइस मिलमागच्या पडीक जागेत, घोटाभर चिखलाच्या चढावर मी गाडी घातली. जरा चाक घसरलं, खालून कर्र आवाज आला आणि दोन्ही चाकांनी मिळून गाडी वर ओढली. मिलचे हमाल बघत होते. मी तीन वेळा चढलो, तीन वेळा उतरलो. रशीदभाईने बिडी पेटवली, म्हणजे तो खूश होता.

मी ती गाडी दोन हातांनी स्टिअरिंग धरून, पायांनी चालवली होती. ब्रेकचे-रेसचे पायडल जागेवरच होते, मला सवय पायांची. ही गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

मंदाताई गाडी घेऊन गेल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या भावाचा, लक्ष्मणचा फोन आला. "गाडी बांधीत गेली. बाईचा हात मोडला."

चिखलात नव्हे, डांबरी रस्त्यावर झालं. समोरून ट्रक आला म्हणून त्यांनी डावं चाक खाली मातीवर घेतलं. ट्रक गेल्यावर पुन्हा वर चढायला दांडा ओढून रेस दिली. डाव्या चाकाखाली माती, उजव्याखाली डांबर. डिफरेन्शियलने त्याचं काम केलं, सगळा जोर डांबरावरच्या उजव्या चाकाला दिला, आणि गाडीला जोर पुढच्या चाकांचा असल्याने स्टिअरिंगला जोराचा हिसका बसला. दोन हात असते तर आवरला असता. त्यांचा एकच हात स्टिअरिंगवर होता. मूठ फिरली, मनगट पिळलं आणि गाडी रस्ता सोडून बांधीच्या पाण्यात उतरली.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर त्या बसल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. लक्ष्मणने मला पाणी दिलं, समोर बसला आणि आवाज न चढवता बोलला.

"भाऊ, तिचे हात म्हणजे तिचे पाय आहेत. खाटेवरून खुर्चीत जावाचं तर हात. संडासले जावाचं तर हात. दीड महिना आता मी उचलीन, माही बायको उचलन. तुमाले हे मालूम होतं ना?"

मालूम होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी एकदाही एका हाताने गाडी चालवून बघितली नव्हती. मला वाटलं होतं, चिखल हाच प्रश्न आहे.

मी म्हटलं, "मी ते काढून जुनं बसवून देतो. जसं होतं तसं."

लक्ष्मणने होकाराची मान हलवली. मंदाताई मात्र म्हणाल्या, "काढू नका."

"बाई," लक्ष्मण म्हणाला.

"थांब. त्या नाल्याच्या चढावर मी दोनदा गेली या पाच दिवसांत. दोन्ही वेळा गाडी निघाली, थांबली बी नाई. ते चांगलं आहे. हे खराब आहे. खराब काऊन झालं ते पह्यले सांगा, मग काढाचं का ठेवाचं ते पाहू."

मी हिसक्याचं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी माह्यासारखी चालवून पाह्यली का?"

"नाई."

"मग पाहा ना."

बांधीतून काढलेली गाडी मी ओढून आणली. पुढचा बंपर आणि एक खालचा दांडा वाकला होता, ते नीट केलं. आणि मग सदतीस वर्षं गाड्या चालवलेला मी पुन्हा गाडी शिकायला बसलो. पाय मागे ओढून घेतले, डाव्या हातात दांडा, उजव्या हातात मूठ. पहिल्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मी सरळ रेषेतही नीट जाऊ शकलो नाही. ब्रेकच्या ऐवजी रेस ओढली आणि गोलपोस्टच्या हातभर अलीकडे थांबलो. चालायला आलेल्या मास्तरांनी विचारलं, "गजाभाऊ, लायसन नवीन काढून राह्यले का?" तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी फोड आले. चौथ्या दिवशी मी वडशाच्या रस्त्यावर मुद्दाम डावं चाक मातीवर घेतलं आणि रेस ओढली. हिसका बसला. मूठ हातातून सुटली. मला तो माहीत होता, मी त्याची वाट बघत होतो, तरी सुटली. त्या बाईला तो न सांगता बसला होता.

रशीदभाईला म्हटलं, "रेसवाल्याच्या हिशोबानं आवळून आलेला आहे तो. रेसवाल्याचे दोन हात राह्यतेत."

"मंग ढिला करू," तो म्हणाला.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा होता, पण आधी मोजायचं ठरवलं. आतल्या स्प्रिंगचा दाब किती आहे ते मोजायची रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. उचललेलं चाक जोर दाखवणाऱ्या पान्याने फिरवायचं. पहिल्यांदा बसवताना मी हे मोजलंही नव्हतं. कारखान्यातून आलं ते ठीकच असेल, असं धरलं. आता मोजलं, लिहून ठेवलं, मग गिअरबॉक्स उतरवून स्प्रिंग पातळ घातली, चकत्यांचा क्रम बदलून घासणाऱ्या जोड्या कमी केल्या. दाब निम्मा झाला. बसवलं, पुन्हा रस्त्यावर एका हाताने गेलो. हिसका कमी, पण होताच. पुन्हा उतरवला. गाडीच्या खालच्या दांड्यांचे रबरही झिजलेले सापडले, तेही हिसक्याला हातभार लावत होते. ते नवीन घातले. पुढच्या चाकांचा रोख तपासून घेतला. तिसऱ्या खेपेला दाब पहिल्याच्या एक तृतीयांशावर आला. आता डांबराच्या कडेवरून चढताना मूठ हातात नुसती जडशी लागायची, पिळायची नाही.

पण मग चिखलाचं काय? मिलमागच्या चढावर गेलो. पहिल्यासारखी गाडी धावत वर गेली नाही. चाकं जास्त घसरली, मधे वाटलं की थांबते, पण निघाली. आडवं, तिरकं चढलं की एक चाक उचललं जायचं आणि पकड सुटायची. सरळ चढलं, आधीपासून थोडा वेग ठेवला, की निघायची. जे दिलं त्याच्या बदल्यात काहीतरी घ्यावंच लागलं. रेसवाल्याने नाक मुरडलं असतं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा काम जमल्यासारखं वाटलं.

प्लास्टर निघालं, तरी हातात जोर यायला आणखी महिना गेला. या सगळ्यात त्यांचे अडीच महिन्यांचे बाजार बुडाले. लोक लक्ष्मणला विचारत, चष्मेवाली बाई कुठी गेली. याचं मला अजूनही वाईट वाटतं. माणसाला बरं करायला निघावं आणि त्याला खाटेवर बसवून ठेवावं, अशी गोष्ट माझ्या हातून झाली.

गाडी द्यायला मी स्वतः गेलो. पावसाळा संपत आला होता, तरी परतीच्या पावसाने नाल्याचा चढ ओलाच होता. त्या म्हणाल्या, "चला, बाजारले जाऊ. तुमी बाजूले बसा." लक्ष्मणने खुर्ची मागच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू व्हायच्या आधी तो माझ्या बाजूच्या काचेशी आला आणि एवढंच म्हणाला, "ध्यान ठेवजा."

आधी डांबरावर. मी त्यांना म्हटलं, जरा डावं चाक मातीवर घ्या आणि हळू चढवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घेतलं. उजवा हात कडक झालेला मला दिसत होता. रेस ओढली. गाडी रस्त्यावर आली. त्यांनी पुन्हा स्वतःहून खाली घेतलं, पुन्हा वर. असं चार वेळा केलं. चौथ्यांदा हात सैल होता.

नाला आला. पाणी ओलांडलं. "सरळ," मी म्हटलं. "तिरकं नाई. आणि मधे रेस सोडू नका."

"मालूम आहे."

चढाच्या मध्यावर डावं चाक घसरू लागलं. गाडीचं तोंड जरासं हललं. खालून तो कर्र आवाज आला, पहिल्याइतका मोठा नाही, दबका. माझ्या बाजूला नसलेला ब्रेक माझा पाय दाबत होता. त्यांनी दांडा तसाच धरून ठेवला, कमी नाही, जास्त नाही. दोन्ही चाकांनी एकदम माती धरली आणि आम्ही वर होतो. त्या थांबल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आता बोला ना काई. तुमी श्वास घ्या."

बाजारात पळसाच्या झाडाखाली त्यांनी गाडी लावली. पंधरा मिनिटांत खुर्चीभोवती रांग लागली. एक म्हातारी फक्त गोंडी बोलायची. मंदाताई तिच्याशी गोंडीत बोलत, काचा बदलत, हसवत होत्या. बांबूच्या टोपल्या विणणारा एक जण चष्मा घालून स्वतःच्याच टोपलीकडे बघत म्हणाला, "हे तर वाकडं विणलं मी." तासाभराने गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि माझे डोळे तपासले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

"कधीपासून धुकट दिसते?"

"दोन-तीन वर्षं."

"आणि माहा गिअरबॉक्स तुमी याच डोळ्यानं उघडला?"

मी म्हटलं, वायसर रशीदभाईच्या डोळ्यांनी घासल्या. त्या हसल्या आणि ऑपरेशनची चिठ्ठी लिहून दिली. मी केलं ते ऑपरेशन. खरंच केलं, लगेच.

त्याला आता चार पावसाळे झाले. चकत्या घासून तेल काळं पडतं म्हणून दर चार महिन्यांनी तेल बदलायला त्या येतात. दुकानासमोर हॉर्न वाजला की मी बाहेर जातो. एकदा चकत्याही बदलल्या. त्या वेळी मी आधी मोजलं, मग उघडलं. त्यानंतर असं काम आणखी दोघांना करून दिलं. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न विचारतो, गाडी कोण चालवणार आणि कशी. पूर्वी मी फक्त गाडीला विचारायचो.

यंदाच्या श्रावणात एका शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. बाजाराचा दिवस, रात्रभर पाऊस झालेला.

"काय झालं? फसली का?"

"नाई जी. मी वर आली. नाल्याच्या वरतं उभी आहे."

"मग?"

"माह्यामागून एक ट्रॅक्टर आला, तो फसला. मधेच, चढावर. त्याच्याजवळ फोन नाई, इथी वरतं रेंज आहे, म्हणून मी त्याच्या गावात फोन करून राह्यली. लोकं निघालेत ढकलाले. तुमाले याच्यासाठी केला, त्याले चाकाखाली काय घालाचं सांगा, मी त्याले ओरडून सांगते."

मी सांगितलं. त्यांनी काच खाली करून ते ओरडून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. दुरून पुरुषाचा आवाज आला, मग त्यांचं हसणं.

"लोकं येईस्तोवर काय करता?" मी विचारलं.

"त्याले वर बोलावलं आहे. गाडीतून अक्षरांची पाटी दाखवून त्याचे डोळे तपासून राह्यली," त्या म्हणाल्या. "भाऊ, याले दहा हातावरचं दिसत नाई. रस्ता सोडून सरळ खड्ड्यात गेला तो."